लाइपझिगची १९८९ वाली वॉकिंग टूर: नक्की करा, पण वॉनेबर्गरबद्दल विचारा

लाइपझिगला आपली मंडळी संगीतकार बाखसाठी येतात, थॉमस चर्च बघतात आणि निघतात. पण पूर्व जर्मनीच्या कम्युनिस्ट सरकारविरुद्धच्या १९८९ च्या आंदोलनावरची पायी टूर असते ना, ती चुकवू नका. निकोलाय चर्च, मग आउगुस्टुसप्लात्झ, तिथून रिंगरोडने मेन स्टेशनवरून श्टाझीच्या, म्हणजे गुप्त पोलिसांच्या जुन्या ऑफिसपर्यंत, मोर्चा गेला त्याच वाटेने नेतात.

सगळ्यात भारी भाग निकोलाय चर्चमधला. पूर्व जर्मनीत सरकारला न विचारता लोकांनी जमायचं तर चर्च सोडून जागाच नव्हती, त्यामुळे १९८२ पासून दर सोमवारी तिथे शांतीसाठी प्रार्थना व्हायची आणि तिला देव न मानणारे पण यायचे, पर्यावरणवाले यायचे, देश सोडायचा अर्ज केला म्हणून सरकारच्या डोळ्यावर आलेले यायचे. बाहेर पाटी होती, सर्वांसाठी खुलं. ९ ऑक्टोबर १९८९ ला सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाने आपलीच शेकडो माणसं दुपारपासून बाकांवर आणून बसवली, बाकीच्यांना जागाच मिळू नये म्हणून, तर पास्टर क्रिस्टियान फ्यूरर यांनी त्यांनाही बसू दिलं, फक्त वरची गॅलरी बंद ठेवली, कामावरून उशिरा सुटणाऱ्यांसाठी. त्या संध्याकाळी रस्त्यावर साधारण ७० हजार लोक होते, हातात मेणबत्त्या, समोर शस्त्रं घेऊन तयार असलेले पोलीस, आणि एकही गोळी सुटली नाही. बरोबर महिन्याने बर्लिनची भिंत पडली.

मी वसईच्या ख्रिस्ती घरातली. फादर दिब्रिटो हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले तेव्हा फादरने चर्चच्या बाहेर पडूच नये असं म्हणणारे आमच्यातच होते, म्हणून मला हे ऐकताना फार आतून वाटलं. धर्मस्वातंत्र्य म्हणजे फक्त आपली मिस्सा नीट चालणं नाही, आपल्याला जी थोडी मोकळी जागा मिळालीय ती ज्यांना काहीच मिळालेली नाही त्यांना वापरू देणं पण आहे, आणि ते आपल्या धर्माचे नसले तरी.

आता तक्रार. आमच्या गाइडने सगळी गोष्ट एकट्या फ्यूररवर नेऊन ठेवली. क्रिस्टोफ वॉनेबर्गर हे दुसरे पास्टर १९८६ पासून या प्रार्थना कोऑर्डिनेट करायचे, मानवी हक्कवाले तरुण गट त्यांच्यासोबत, आणि १९८८ मधे चर्चच्याच वरच्या लोकांनी त्या गटांकडून प्रार्थनेची सूत्रं काढून घेतली, सरकारचा दबाव होता म्हणून. २५ सप्टेंबर १९८९ ला पहिला मोठा मोर्चा निघाला त्या दिवशी हिंसेविरुद्ध प्रवचन दिलं ते वॉनेबर्गर यांनीच. ऑक्टोबरच्या शेवटी त्यांना स्ट्रोक आला, बोलताच येईना, आणि मग टीव्हीवर मुलाखती द्यायला बाकीचेच राहिले. मी विचारल्यावर गाइडने हे सगळं छान सांगितलं, काही पाद्रीच श्टाझीला खबरा द्यायचे हेही सांगितलं, म्हणजे माहीत होतं त्यांना, मग न विचारता का नाही सांगायचं? चर्च घाबरलं होतं, आतून भांडत होतं, तरी दार बंद झालं नाही, हे कळल्यावर तर मला त्या लोकांचं जास्त कौतुक वाटलं.

एक स्टार त्यासाठी कापला, बाकी चार पूर्ण मनापासून. शूज चांगले घाला, चालणं बरंच आहे. सोमवारची दुपारची टूर मिळत असेल तर तीच घ्या, संध्याकाळी पाचची प्रार्थना अजूनही होते, जर्मनमधे असते पण कोणीही जाऊन बसू शकतं.