कॉलेजच बंद पडलं: क्रेडिट सोबत न्यायचे की जीआय बिलाचे महिने परत मागायचे?

अमेरिकेतल्या माजी सैनिकाला पोस्ट-९/११ जीआय बिलाखाली, म्हणजे सरकारी शिक्षण-मदतीच्या कायद्याखाली, साधारण ३६ महिन्यांच्या शिक्षणाचा खर्च मिळतो. २०१६ मध्ये आयटीटी टेक ही खासगी कॉलेजांची साखळी बंद पडली तेव्हा वापरलेले महिने गेले ते गेलेच. २०१७ च्या कोल्मेरी कायद्याने ते परत मिळायची वाट उघडली. त्यामुळे पर्याय दोन: झालेले क्रेडिट (अभ्यासाचे गुणांक) नव्या कॉलेजात न्यायचे, किंवा महिने परत मागायचे.

क्रेडिट नेण्यात वेळ वाचतो, पण किती क्रेडिट धरायचे हे नवं कॉलेज ठरवतं. इथेच घोळ होतो. समजा पदवीला १२० क्रेडिट लागतात, तुमचे ६० झाले, १८ महिने खर्ची पडले. नव्या कॉलेजने ६० च्या ६० धरले तर उरलेल्या १८ महिन्यांत पदवी पुरी होते. ३०च धरले तर २७ महिने लागतात, हाती १८. उरलेले ९ महिने खिशातून.

महिने परत घेतले तर ३६ पुन्हा पूर्ण, पण अभ्यास जवळपास पहिल्यापासून. अट: तशाच अभ्यासक्रमात १२ पेक्षा कमी क्रेडिट नेलेले असावेत. ही सवलत मुदतीच्या कायद्यावर चालते, म्हणून ती अजून चालू आहे का आणि कॉलेज बंद झाल्याची तारीख तिच्यात बसते का, हे आधी पडताळा. अर्ज २२-०९८९ क्रमांकाचा.

म्हणून आधी गुणपत्रक मिळवा, नव्या कॉलेजकडून क्रेडिटचं मूल्यांकन लेखी घ्या, मगच अर्ज भरा. निम्मेच क्रेडिट धरत असतील तर आम्ही महिनेच मागू. जीआय बिलाच्या घरभाडं भत्त्यावर मात्र विसंबू नका. कॉलेज बंद पडल्यावर तो सत्र संपेपर्यंत किंवा फार तर चार महिने, जे आधी येईल तोवरच.