रविवारी कुठला सिनेमा? तलवारीचा की सरपंचाचा?

एक ऐतिहासिक, एक गावरान विनोदी. सांगलीत रविवारी एकच तिकीट काढायचं, तर निवाडा ट्रेलरवरच.

ऐतिहासिक ट्रेलरमध्ये अडीच मिनिटांत चारदा तलवार उपसतात, संवाद दीडच. घोडा चौखूर उधळतो पण टापांखाली धूळ नाही. म्हणजे ग्राफिक्स घाईत उरकलंय. सिनेमाची लांबीही जास्त, मध्यंतराला भडंग लागणारच.

गावरान विनोदीत वाईचा घाट, मेणवलीचा वाडा, धोतर सावरणारा सरपंच. खर्च कमी दिसतो, डोळ्यांना बरं वाटतं. पण हिरो ‘काय करालायस’ऐवजी ‘काय करतोयस’ म्हणतो, तिथंच गाव पुण्याला गेलं! शिवाय चांगले विनोद ट्रेलरमध्येच संपवतात. थेटरात तेच पुन्हा आले की जांभया.

पोरं सोबत, साउंड दणदणीत असेल तर तलवार. आजी-आजोबांना नेणार असाल तर सरपंच. फक्त त्यांना ट्रेलर दाखवू नका.