दारातला शू-बेंच आणि सत्तरीतले गुडघे

शू-बेंच घेताना बहुतेक जण गादी दाबून बघतात आणि खाली किती जोड मावतील ते मोजतात. घरातल्या वयस्क माणसासाठी घ्यायचा असेल तर या दोन्ही गोष्टी नंतरच्या. बूट घालायला बसणं कसंही जमतं, पंचाईत उठताना होते. दुकानांत आणि ऑनलाइन तयार मिळणाऱ्या लाकडी बेंचांचे साधारण तीन प्रकार आहेत: खाली दोन उघडे कप्पे असलेला, खोक्यासारखा बंद आणि वर उचलायचं झाकण असलेला, आणि बैठकीच्या शेजारी बुटांचं छोटं कपाट असलेला. उठण्याच्या कसोटीवर पाहिलं तर पहिला सुधारून घेता येतो, दुसरा घेऊच नये आणि तिसऱ्याला फक्त खुर्चीला असतात तसे बाजूचे हात बसवून घ्यावे लागतात.

सगळ्यात मोठी चूक जवळपास प्रत्येक बेंचमध्ये दिसते, ती म्हणजे टाचेला जागा नसणं. उठताना आपण नकळत पावलं मागे ओढतो. टाचा गुडघ्यांच्या मागे गेल्या की धड पुढे झुकवून वजन पावलांवर घेता येतं. खालचा कप्पा बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेला असला की टाच त्याला अडते, वजन मागेच राहतं आणि माणूस अर्धवट उठून पुन्हा बसतो. तरुण माणूस मांडीच्या जोरावर हे निभावून नेतो, म्हणून दुकानात ते कळत नाही. कप्पा बैठकीच्या कडेपासून निदान 4 इंच आत हवा. आता हिशेब बघा: बाजारातल्या बेंचची खोली 12 ते 14 इंच, त्यातून 4 गेले तर उरतात 8 ते 10, आणि पुरुषाचा 9 नंबरचा बूट जवळपास 12 इंच लांब. म्हणून एकतर बैठक 16 इंच खोल करा, नाहीतर बैठकीखाली काहीच ठेवू नका आणि चपला-बूट शेजारच्या कपाटात न्या. दुसरा मार्ग कधीही चांगला, कारण रोजचा जोड जमिनीपासून 12 ते 20 इंचांवर ठेवला की वाकावंच लागत नाही.

उंचीचं एकच माप सगळ्यांना चालत नाही. चप्पल घालून उभं राहा, गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत मोजा आणि त्यात 1 ते 2 इंच मिळवा. पाच फुटांच्या आसपासच्या बाईंना बहुधा 17 ते 18 इंच लागतील, पावणेसहा फुटांच्या माणसाला 19 ते 20. तयार बेंच अनेकदा 16-17 इंचांचे असतात आणि त्यावरची दोन इंची मऊ गादी बसल्यावर इंचभर तरी दबते, म्हणजे हाती येते ती 15-16 इंचांची बैठक. माप घ्यायचं ते बसल्यानंतरचं. खुब्याचा सांधा बदलला असेल तर अशी खोलगट, बुटकी बैठक धोक्याचीच. तिथे डॉक्टरांना उंची विचारून मगच बेंच घ्या. मात्र पावलं पूर्ण टेकलीच पाहिजेत. दोघांच्या उंचीत फरक असेल तर ज्याचे गुडघे जास्त दुखतात त्याच्या मापाने बेंच करा आणि बुटक्या माणसासाठी दोन इंची पाट देण्याचा मोह टाळा, कारण दारातला सुटा पाट पायात येतो.

हात असलेले बेंच छान दिसतात, पण तीन फुटी बेंचच्या दोन्ही टोकांना हात असले तर बसलेल्याला एका वेळी एकच गाठता येतो. एका हातावर जोर दिला की शरीर पिळतं. दोन हातांमधलं अंतर 19 ते 20 इंच ठेवा. बेंच लांब असेल तर मध्ये तिसरा हात द्या. हात बैठकीपासून 7 ते 8 इंच वर, पुढच्या कडेपर्यंत आलेला आणि मुठीत मावेल असा गोल हवा, सव्वा ते दीड इंच जाडीचा. मागेच संपणारा हात टेकायला बरा, उठायला निरुपयोगी.

आता हात बसवलाय कशात ते तपासा. भुशाच्या बोर्डात स्क्रू काही महिने धरतो, मग रोजच्या हिसक्याने भोक मोठं होतं आणि हात डुगडुगतो. पावसाळ्यात ओल्या चपलांचं पाणी कडेच्या पट्टीतून आत शिरलं की हा बोर्ड फुगतो, आणि फुगलेला बोर्ड पुन्हा स्क्रू धरत नाही. हात सुटतो तो नेमका सगळं वजन त्यावर असताना. असा बेंच स्वस्तात मिळाला तरी नको.

सुताराकडून करून घेणार असाल तर सागवानाची चौकट सांगा: पाय 2 बाय 2 इंच, आडव्या पट्ट्या 3 बाय 1. पुढचे दोन पाय तसेच वर नेऊन त्यांवर हात बसवा, म्हणजे जोर थेट जमिनीत उतरतो. पायाला चौकोनी भोक पाडून त्यात पट्टीचं कुसू बसवलेला सांधा मागा. नुसत्या एल-पट्टीवर समाधान मानू नका. बैठकीच्या पट्ट्यांत दोन सुतांची (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फट ठेवा, पाणी निथळतं. पुढची कड चार सूत गोल, नाहीतर मांडीखाली काचते. पॉलिश मॅटच हवं. चकचकीत पॉलिशवर सिंथेटिक साडी पुढे सरकते. प्लाय वापरायचाच तर आयएस 710 (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचं मानक) छापलेला, 19 मिलिमीटरचा.

झाकणाचा प्रकार का नको, हे एका वाक्यात: जोड काढायला उठायचं, वाकायचं, एका हाताने झाकण धरायचं, म्हणजे आधाराला हातच उरत नाही.

बेंच जागेवर ठेवल्यावरही काम उरतं. पायांना रबरी बुश लावा आणि पाठ दोन क्लॅम्पांनी भिंतीला आवळा. व्हिट्रिफाइड टाइलवर सुटा बेंच उठताना मागे सरकतो. समोरचं सुटं पायपुसणं काढून टाका किंवा रबरी पाठीचं घ्या. पॅसेज अंधारा असेल तर बैठकीची पुढची कड फरशीहून वेगळ्या, फिक्या रंगाची करा. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना तपकिरी फरशीवरचा तपकिरी बेंच कुठे संपतो ते दिसत नाही. काठीसाठी हाताच्या बाहेरच्या बाजूला खाच आणि दोन फुटी शूहॉर्नसाठी एक खुंटी, एवढं सुतार अर्ध्या तासात करून देतो. इमारतीच्या सामाइक जिन्यात मात्र बेंच ठेवू नका. आग लागली तर तीच बाहेर पडायची वाट असते.

पैसे देण्याआधी ज्यांच्यासाठी घेताय त्यांना रोजची चप्पल घालून बसवा आणि पाच वेळा उठायला सांगा. तिसऱ्या वेळेपासून हात कुठे जातो ते बघा. तो बैठकीची कड शोधत असेल, तर त्या बेंचचे हात चुकीच्या जागी आहेत.