हिवाळ्यातलं टॅकल शॉप: फ्लाय बांधणं, वेडर दुरुस्ती आणि रॉडची ट्रायल

फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-दोरा बांधून केलेला नकली किडा, वापरून मासे धरायच्या सामानाचं, फ्लाय फिशिंगचं दुकान बघायचं असेल तर हिवाळ्यात जाऊन बघा, असं मी आता भेटेल त्याला सांगते. सीझन चालू असताना कुठलंही टॅकल शॉप चांगलंच वाटतं, गर्दी असते, सकाळी कुठल्या फ्लायवर मासा लागला ते दारातच कळतं, चार फ्लाय आणि टिपेटचं, म्हणजे फ्लायला बांधायच्या बारीक दोरीचं, एक रीळ उचलून माणूस नदीकडे पळतो. पण थंडी पडली, नदीच्या कडेने बर्फ धरायला लागला की दुकानदार काय करतो त्यावरून कळतं, त्याला नुसता माल खपवायचाय की लोकांना हे सगळं नीट यावं असंही वाटतंय. मी नेहमी जाते त्या दुकानात हिवाळाभर काही ना काही चालू असतं आणि या वेळी मी त्यातलं बहुतेक सगळं केलं, म्हणून रिव्ह्यू जरा लांब होणारे.

आधी फ्लाय बांधायची संध्याकाळ, कारण दुकानाचा जीव तिथेच आहे. आठवड्यातून एकदा, गिऱ्हाईक कमी झालं की मधली टेबलं जोडतात, प्रत्येकापुढे एक व्हाइस (गळ पकडून ठेवायचा शिकंजा), एक दिवा, बॉबिन (दोऱ्याचं रीळ धरायचं साधन), छोटी कात्री, स्वतःचं काही आणलं नाही तरी चालतं. नवीन माणसाला पहिल्याच दिवशी बारीक फ्लायवर बसवत नाहीत हे मला फार आवडलं. पहिली फ्लाय वूली बगर. मोठा गळ, मागे मॅराबूच्या पिसांची मऊ शेपटी, अंगावर शेनील, म्हणजे लवदार जाड दोरा, गुंडाळायचं आणि वरून कोंबड्याचं पीस फेऱ्या देत पुढे आणायचं. ही फ्लाय पेनसिल्व्हेनियाच्या रसेल ब्लेसिंग यांनी १९६७ मध्ये बांधली आणि आज ट्राउट माशापासून बास माशापर्यंत काय वाट्टेल ते तिच्यावर लागतं, म्हणजे शिकताना जी वेडीवाकडी बांधली तीसुद्धा पाण्यात टाकण्यासारखी असते. त्याही आधी एक सराव करून घेतात, नुसत्या गळावर दोरा गुंडाळायचा आणि तुटेपर्यंत ओढायचा. दोनचार वेळा तोडला की बोटांना समजतं कुठपर्यंत ताणता येतो, कारण फ्लाय सुटते ती बहुतेक वेळा दोरा सैल राहिल्यामुळेच.

मग फेझंट टेल. इंग्लंडात विल्टशायरमध्ये एव्हन नदीची देखरेख करणारे फ्रँक सॉयर यांची ही निंफ, म्हणजे पाण्याखालच्या अळीसारखी फ्लाय, आणि तिची गंमत अशी की मूळ पद्धतीत दोरा नाहीच, तांब्याची बारीक तार घ्यायची आणि तिनेच फेझंटच्या शेपटीचे तंतू बांधायचे. तारेचं वजन असल्यामुळे फ्लाय आपोआप खाली जाते, वर वेगळं शिसं लावायला नको. आम्हाला आधी तारेची करायला लावली आणि मग आजकालची टंगस्टन मणी घातलेली. टंगस्टन शिशापेक्षा दीडपटीहून जड, पितळ शिशापेक्षा हलकं, त्यामुळे एकाच मापाच्या दोन निंफ दिसायला अगदी सारख्या पण पाण्यात टंगस्टनची झपकन तळाला जाते आणि पितळेची मागे राहून सावकाश उतरते. दुकानात हे काचेच्या उंच भांड्यात दोन्ही सोडून दाखवलं. वाचून जे डोक्यात शिरत नव्हतं ते एका मिनिटात शिरलं.

शिशावरून आठवलं, दोरीला लावायची छोटी शिशाची वजनं या दुकानात ठेवतच नाहीत, कथलाची नाहीतर टंगस्टनची मिळतात. इंग्लंडात १९८७ पासून छोट्या शिशाच्या वजनांवर बंदी आली ती हंस ती गिळून मरत होते म्हणून. कथील हलकं आहे, जरा मोठा मणी लावावा लागतो, पण बाकी काही अडत नाही, आणि बंदी असो नसो, दुकानाने स्वतःहून ठेवायचं बंद केलं याचा मला आनंद आहे.

पिसांच्या भिंतीपाशी मात्र नवीन माणूस गोंधळतो. कोरड्या फ्लायला, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायला, कोंबड्याच्या मानेचं पीस लागतं, त्याचे तंतू ताठ हवेत आणि एका पिसात सगळे सारख्या लांबीचे हवेत. आता यासाठी खास कोंबड्या पैदा करतात, पिढ्यानपिढ्या निवड करून, त्यांचं एकेक पीस इतकं लांब येतं की त्यात दोनतीन फ्लाय होतात. पण अख्खी मान घेतली तर त्यात सगळ्या साइझची पिसं येतात आणि पैसाही बराच जातो. काउंटरवरच्या मुलीने सरळ सांगितलं, ताई तुम्ही एकाच साइझची फ्लाय बांधणार असाल तर निवडलेल्या पिसांचं छोटं पाकीट घ्या, मान नंतर घ्या. महाग वस्तू हातात असताना स्वस्त घ्या म्हणणारं दुकान मला तरी विश्वासाचं वाटतं. तिनेच सीडीसीबद्दलही सांगितलं, ती बदकाच्या शेपटीजवळच्या तेलाच्या ग्रंथीभोवतालची पिसं, मुळातच तरंगणारी, त्यावर फ्लाय तरंगती ठेवायचं नेहमीचं जेल चोळलं की तंतू एकमेकांना चिकटून बसतात आणि फ्लाय बुडते, तिथे पावडरच वापरायची.

आता वेडर, म्हणजे पाण्यात उतरताना घालायची पाणी आत न येणारी उंच पँट. वर्षातून एकदा दुकान वेडर दुरुस्तीचा दिवस ठेवतं, आपापले वेडर धुऊन वाळवून आणायचे, तिथे भोक शोधून भरायचं. गोअर-टेक्सच्या वेडरची युक्ती अशी की उलटा करायचा आणि आतल्या बाजूवर रबिंग अल्कोहोल फवारायचं, जिथे बारीक छिद्र असेल तिथे गडद ठिपका दिसतो, त्याच्याभोवती पेनने गोल करायचा, वाळलं की त्यावर अ‍ॅक्वासील या गोंदाचा थेंब पसरायचा आणि रात्रभर तसंच ठेवायचं. निओप्रिनच्या, म्हणजे जाड रबरी, वेडरवर हे चालत नाही, तिथे अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च घालून उजेड कुठून बाहेर येतो ते बघायचं. कितीतरी लोक गळतो म्हणून नवीन वेडर घ्यायला निघालेले असतात आणि भोक सुईच्या टोकाएवढं असतं. आणि बाहेरच्या कापडावर पाण्याचे थेंब न राहता पाणी पसरायला लागलं की तो गळत असतोच असं नाही, वरचा पाणी झटकणारा थर गेलेला असतो, तो धुऊन परत चढवता येतो. हे सगळं त्यांनी समजावून सांगितलं, नवीन वेडर शेजारी टांगलेले असताना. त्या दिवशी गल्ल्यात फार काही जमलं नसणार, पण तिथे आलेला माणूस पुढचा वेडर दुसरीकडून घेईल असं मला वाटत नाही.

बुटांबद्दलचा सल्लाही पटला. फेल्टचा तळवा गुळगुळीत दगडावर पकडतो छान, पण ओला फेल्ट लवकर वाळत नाही आणि त्यातून एका नदीतलं शेवाळ दुसऱ्या नदीत जातं, न्यूझीलंडने डिडिमो नावाचं शेवाळ पसरू नये म्हणून २००८ मध्ये फेल्टवर बंदी घातली ती यासाठीच. हिवाळ्यात तर अजून एक त्रास, फेल्टला बर्फ चिकटतो आणि चालताना पायाखाली गोळे साचत जातात. त्यामुळे रबरी तळवा आणि त्यात धातूचे स्टड, हिवाळ्यासाठी हेच.

रॉडच्या ट्रायलचा दिवस मला सगळ्यात उपयोगी वाटला. मागच्या मोकळ्या जागेत, बर्फ झाडून, फ्लायऐवजी लोकरीचा तुकडा बांधून, कुठलाही रॉड कुठल्याही लाइनवर, म्हणजे फेकायच्या जाड दोरीवर, टाकून बघायचा. नऊ फुटी पाच वजनाचा, म्हणजे पाच नंबरच्या लाइनसाठीचा, रॉड सगळ्यांनाच घ्यायला सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण पाच नंबरचे तीन रॉड एकामागून एक हातात घेतले की कळतं तिघंही वेगळे आहेत. त्याहून महत्त्वाचं, लाइन. नियमाने पाच नंबरच्या लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम असायला हवं, पण आजकाल बऱ्याच लाइन पाच म्हणून विकल्या जातात आणि भरतात सहाच्या जवळ, ताठ रॉड वाकावेत म्हणून. काउंटरवर छोटा वजनकाटा ठेवलाय, त्यावर लाइन टाकून बघता येते. माझ्या रॉडवर एक लाइन जड जड का वाटते ते मला तिथे कळलं, आणि रॉड बदलायचा माझा विचार तिथेच थांबला.

थंडीत लाइन कडक होते हा अजून एक मुद्दा. गरम प्रदेशासाठी बनवलेल्या लाइनचा गाभा आणि वरचं आवरण मुद्दाम कडक ठेवतात, ती थंड पाण्यात रीळावरून स्प्रिंगसारखी गुंडाळ्या गुंडाळ्या होऊनच बाहेर येते. थंड पाण्याच्या लाइनचा गाभा विणलेला आणि मऊ. विकत घेताना खोक्यावर बघायचंच. आहे ती लाइनही हिवाळ्यात एकदा कोमट पाण्यात साध्या सौम्य साबणाने धुवायची, मऊ फडक्यातून ओढायची, आणि रीळावर घट्ट न ठेवता मोठ्या सैल वेटोळ्यात टांगून ठेवायची. दुकानात लाइन धुवून देतात, बॅकिंग, म्हणजे लाइनच्या मागची जादा दोरी, तपासतात, जुनी नायलॉन टिपेट फेकायला लावतात कारण नायलॉन उन्हाने आणि वयाने कमजोर होतं. फ्लोरोकार्बन तसं होत नाही, टिकतं, पण टिकतं म्हणूनच नदीकाठी त्याचा एक तुकडाही टाकायचा नाही.

टिपेटचा हिशोब तिथल्या फळ्यावर लिहून ठेवलाय तो सांगते, खूप जणांना माहीत नसतो. अकरातून टिपेटवरचा एक्सचा आकडा वजा करा, उरेल तेवढे हजारांश इंच जाडी. म्हणजे ५एक्स म्हणजे सहा हजारांश इंच, ०.१५ मिलिमीटर. आणि गळाच्या साइझला (आकडा मोठा तसा गळ छोटा) तीनने भागलं की ढोबळमानाने कुठला एक्स लागेल ते येतं, १८ नंबरच्या फ्लायला ६एक्स.

हिवाळ्यात प्रत्यक्ष नदीवर न्यायचीही सोय आहे, छोटा गट, दुकानातलंच कुणीतरी बरोबर. पहाटे नेत नाहीत, उशिरा निघतात आणि दुपारचे तीनचार तास धरतात, कारण तेव्हाच पाणी जरासं कोमट होतं आणि मासा थोडाफार खायला लागतो. थंड पाण्यात ट्राउटचं शरीर मंद चालतं, तो वेगाच्या प्रवाहात दम खर्च करत नाही, खोल संथ डोहात तळाशी बसून राहतो, त्यामुळे फ्लाय त्याच्या तोंडाशी न्यावी लागते. खाणं म्हणजे मुख्यतः मिज, बारीक चिलटांच्या अळ्या, म्हणून २० आणि २२ नंबरच्या फ्लाय, झेब्रा मिजसारख्या, नुसता दोरा, तार आणि मणी. रॉडच्या कड्यांत बर्फ साचला की बोटाने किंवा आपटून तोडायचा नाही, टोक मोडतं, रॉडचा शेंडा पाण्यात बुडवून धरायचा, पाणी शून्याच्या वर असतं त्यामुळे बर्फ सुटतो. गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाकायचा. मासा सोडताना पाण्याबाहेर काढायचाच नाही, गोठवणाऱ्या हवेत कल्ल्यांची नाजूक पाती गोठतात, फोटो काढायचा तर पाण्यातच काढा. आणि एक गोष्ट त्यांनी निघायच्या आधी, काठावर पोचल्यावर आणि परत पाण्यात उतरताना सांगितली. ब्राउन ट्राउट शरद ऋतूत अंडी घालतात आणि ती हिवाळाभर वाळूखड्यांत असतात, जिथे तळाचा खडा आजूबाजूपेक्षा स्वच्छ, फिकट, उकरल्यासारखा दिसेल तिथे पाय ठेवायचा नाही. नदीत पाय कुठे ठेवायचा हे माशाच्याही आधी शिकवणाऱ्या लोकांबरोबर मी परत कधीही जाईन.

आता जे कमी पडतं ते. फ्लाय बांधायच्या संध्याकाळी खुर्च्या कमी आणि माणसं जास्त, नाव आधी दिलं नाही तर उभं राहून बघावं लागतं, दोन दिवस ठेवले तर बरं होईल. गळांचं साइझ कंपनीगणिक वेगळं निघतं, एकाचा १६ दुसऱ्याच्या १४ एवढा भरतो, तर पाकिटांशेजारी एक नमुन्याचा बोर्ड लावून ठेवायला काय हरकत आहे, नवीन लोकांचा खूप गोंधळ वाचेल. सुरुवातीच्या तयार किटमध्ये रॉड चांगला असतो पण बरोबरची लाइन अगदीच हलक्या प्रतीची, त्यापेक्षा रॉड आणि लाइन वेगवेगळं घ्या, रील साधं असलं तरी चालतं, ट्राउटसाठी रील मुख्यतः लाइन गुंडाळायलाच लागतं.

सगळ्यात मोठी तक्रार बायकांच्या वेडरची. पुरुषांच्या वेडरला उंची, घेर, पायाचं माप सगळं धरून कितीतरी साइझ टांगलेल्या, बायकांना मोजून तीन, मुलांना तर एकच. मोठा वेडर घालून पाण्यात उतरणं नुसतं गैरसोयीचं नाही, धोक्याचं आहे, सैल कापडात प्रवाह भरतो आणि पट्टा कितीही घट्ट बांधला तरी पाय ओढला जातो. ज्या दुकानात बांधायच्या टेबलावर निम्म्या बायका असतात तिथे हे शोभत नाही. मालकांना मी हे समोरासमोर सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, बसलेल्या सगळ्या जणींची मापं तिथल्या तिथे वहीत उतरवली आणि पुढच्या ऑर्डरमध्ये मागवतो म्हणाले. आल्या की घालून बघेन आणि कशा आहेत ते लिहीन.