कापडी कुंडीतलं कागदी लिंबू : 11 महिन्यांनंतर

मालवणला आमच्या खळ्यात (अंगणात) 12 इंची प्लॅस्टिकच्या कुंडीत कागदी लिंबाचं कलम होतं. गेल्या पावसाळ्यात पानं पिवळी पडून गळायला लागली. खत कमी पडतंय समजून मी शेणखत घालत बसलो. शेजारच्या काकीने बोट खुपसून माती हुंगली नि म्हणाली, "तेका पाणी नको, वारो होयो." (त्याला पाणी नको, वारा हवा.) कुंडीची भोकं मुळ्यांनी गच्च बुजली होती.

घटस्थापनेच्या आठवड्यात 15 इंची कापडी ग्रो बॅग मागवली. जुन्या कुंडीतून गोळा काढला तर मुळ्या गोल फिरून दोरखंडासारख्या झालेल्या. काळ्या, कुजका वास येणाऱ्या कापल्या, गोळा बाजूंनी इंचभर तासला, तेवढ्या प्रमाणात फांद्याही छाटल्या. दोन घमेली तांबडी माती, एक कुजलेलं शेणखत, एक कोकोपीट. कोकोपीट तीन पाण्यांनी धुतलं, कारण त्यातला खारटपणा लिंबाला सोसत नाही. (किनाऱ्यावरची वाळूही त्याचसाठी नको.) कलमाची डोळा भरलेली गाठ मातीच्या दोन बोटं वर ठेवली, ती पुरली की डिंक्याची (खोडातून डिंक गळण्याच्या रोगाची) भीती. दहा दिवस पडवीत सावलीला, महिनाभर खत नाही.

थंडी बिनतक्रार गेली. पालवी फुटली तशी फुलपाखरांनी ती हेरलीच. पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या रोज सकाळी हाताने वेचल्या.

एप्रिल-मे मात्र त्रासाचे. कापड चहूबाजूंनी सुकतं, दिवसातून दोनदा पाणी. दोन दिवस लग्नाला कुडाळला गेलो आणि आलो तर वाटाण्याएवढी सगळी फळं खाली. वाळलेल्या कोकोपीटवर ओतलेलं पाणी नुसतं कडेने पळतं. शेवटी अख्खी बॅग पाण्याच्या टबात तासभर बसवली तेव्हा माती भिजली. मग वर नारळाची सोडणं उपडी रचली, तिथून पुढे एका वेळचं पाणी पुरलं. कापडावर क्षारांचा पांढरा थर चढतो, पहिल्या पावसात तो गेला.

जून लागला आणि बॅगेने पैसे वसूल केले. रात्रभर कोसळला तरी सकाळी वर टिपूस साचलेलं नाही. चूक माझी, मी ती पागोळ्यांखाली ठेवली होती. मातीला खळगा पडला, वरच्या मुळ्या उघड्या झाल्या. जुलैत पुन्हा पिवळी पानं, पण या वेळी नवी कोवळी, आणि शिरा मात्र हिरव्या. एवढ्या पाण्यात अन्नद्रव्यंही धुपून जातात. उघडीप मिळताच सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी केली, पुढची पालवी हिरवी आली. खैऱ्याचे (लिंबावरच्या खरबरीत डागांच्या रोगाचे) डाग आलेच, ते कुठल्याच कुंडीने थांबत नाहीत. डागाळलेल्या फांद्या कोरड्या दिवशी कापल्या, कात्री दर वेळी स्पिरिटने पुसली.

राग आहे तो बॅगेच्या उचलायच्या कानांवर. पागोळ्यांखालून हलवताना एकाची शिवण उसवली. विकणाऱ्याला फोटो पाठवले, उत्तर नाही. ओल्या मातीचं वजन त्या शिवणीला झेपणारं नाहीच. आता बॅग दोन चिऱ्यांवर बसवलीय, बुडाखाली वारा खेळतो. हलवायची तर दोघांनी खालून हात घालून.

पावसासाठी मी पुन्हा हीच घेईन. पण मे आणि गणपती एवढ्यासाठीच गावी येणाऱ्या चाकरमान्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये, झाड सरळ जमिनीत लावावं. सध्या झाडावर 9 लिंबं आहेत. 11 होती, दोन काकीने न विचारता नेली.