ताबा पावतीवर सही करण्यापूर्वीची शेवटची पाहणी

खरेदीखताच्या आदल्या संध्याकाळी मी घर शेवटचे पाहून आलो आणि त्या पाहणीला जेमतेम वीस मिनिटे दिली. विक्रेत्यांचे सामान अजून हललेले नव्हते आणि सकाळपासून वीज नसल्याचे त्यांनी सांगितले. जिना चढताना शेजारच्या घरात दिवे लागलेले मला दिसले होते, तरीही त्याचा अर्थ मी लावला नाही. मोबाइलच्या उजेडात मी खोल्या पाहिल्या आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी उर्वरित सर्व रक्कम दिली, खरेदीखत झाले आणि त्याच बैठकीत पुढे आलेल्या ताबा पावतीवरही मी सही केली. ‘घर व त्यातील सर्व वस्तू सुस्थितीत मिळाल्या’ असे तिच्यात लिहिले होते. किल्ल्या मात्र तीन दिवसांनी हाती आल्या.

रिकाम्या घरात शिरल्यावर, जिथे मोठे कपाट उभे होते ती भिंत कमरेइतक्या उंचीपर्यंत ओली दिसली. रंग तेवढ्याच पट्ट्याला नवा होता आणि त्याच्या कडेने पांढरा क्षार फुटला होता. पलीकडे न्हाणीघर आहे. भिंतीत गाडलेला पाइप बऱ्याच काळापासून गळत असावा, असे प्लंबरने सांगितले. ठरलेले दोन्ही एसी काढून त्या जागी जुने बसवले होते आणि स्वयंपाकघरातली चिमणी नाहीशी झाली होती. विक्रेत्यांनी उत्तरादाखल माझ्याच सहीची पावती दाखवली. करारात नुसते ‘दोन एसी’ असे लिहिलेले असल्याने ते बदलले हे सिद्ध करणे कठीण जाईल, असे वकिलांचे मत पडले.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की, ही पाहणी घर पूर्ण रिकामे झाल्यावर, दिवसाच्या उजेडात, वीज आणि पाणी चालू असतानाच करावी, आणि त्यांपैकी काहीही बंद असेल तर सही पुढे ढकलावी, मग समोरची व्यक्ती कितीही घाई करो. सगळे नळ एकदम सोडून पाण्याचा दाब पाहावा, थोड्या वेळाने सिंकखाली हात फिरवावा आणि न्हाणीघरात पाणी ओतून ते मोरीकडे वाहते की कोपऱ्यात साचते, हे पाहावे. न्हाणीघराच्या फरशीवर 24 तास पाणी साठवून खालच्या मजल्यावरचे छत तपासता आले, तर अधिक चांगले. प्रत्येक सॉकेटला चार्जर लावून पाहणे अनेकांना संकोचाचे वाटते. मलाही वाटले असते, पण तो संकोच बाजूला ठेवावा. एसीचे मॉडेल आणि अनुक्रमांक साठेखताच्या, म्हणजे खरेदीखताआधीच्या कराराच्या वेळीच परिशिष्टात लिहून घ्यावेत व शेवटच्या दिवशी ते जुळवून पाहावेत.

पैशाबाबतही माझी चूक मोठी होती. किल्ल्या हाती येईपर्यंत काही रक्कम मागे ठेवण्याची अट आधीच लेखी घालता आली असती, आणि ताबा पावतीवर सापडलेले दोष स्वतःच्या हाताने नोंदवूनच सही करता आली असती. यांपैकी मी काहीच केले नाही.

आता भिंत फोडून पाइप बदलला आहे. गिलावा वाळल्याशिवाय रंग देता येणार नाही. भरपाईसाठी विक्रेत्यांना नोटीस पाठवली असून तिचे उत्तर अद्याप आलेले नाही.