साडेचारशेचा टॉर्च, आठ महिने आणि माझे उद्योग

जूनमध्ये लॅमिंग्टन रोडवरून साडेचारशेला हा झूमवाला टॉर्च उचलला. नाव सांगत नाही, कारण नाव असं काही नाहीच, खोक्यावर नुसती चार अक्षरं, आणि तसले सगळे आतून भाऊ-भाऊच असतात. घेतला तो कळसूबाई नाइट ट्रेकसाठी, म्हणजे रात्रीची कसारा लोकल, तिथून जीपने बारी गाव आणि मग अंधारात चढाई. पहिल्याच ट्रेकला शिड्यांपाशी पोचलो आणि याने मान टाकली, पुढे मोबाईलच्या उजेडात वर गेलो, पोरं अजून टोमणे मारतात.

घरी येऊन सेल काढला. अंगावर छापलंय ९८०० एमएएच, म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचा आकडा. आता या सेलचा साइज १८६५०, म्हणजे १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब, एवढ्याशा नळकांड्यात चांगल्यातली चांगली कंपनीसुद्धा साडेतीन हजारच्या आसपासच बसवते, मग हे बाकीचे सहा हजार कुठून आणले? कोपऱ्यावरच्या सोनाराकडे वजन केलं (तो आधी हसला), भरलं २९ ग्रॅम. चांगला सेल ४५ च्या पुढे असतो. मित्राकडच्या टेस्टर चार्जरवर लावला तर निघाले ७४०. चांगला ओरिजिनल सेल पाचशेला पडला, म्हणजे टॉर्चपेक्षा महाग, पण खरं सांगू का, निम्मा फरक तिथेच पडला. बाहेरच्या देशांत व्हेपवाले हेच सेल वापरतात आणि नकली मालावरून त्यांचीही हीच रड असते, आपल्याकडे ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे म्हणून हा ताप आपल्या टॉर्चवाल्यांच्याच वाट्याला.

मग चटक लागली. मागचं झाकण काढून सेलचं बूड आणि बॉडीची उघडी कड एका जाड वायरने जोडून बघा, प्रकाश एकदम वाढला तर समजा झाकणातच करंट अडतोय. माझा वाढला. आधी आटे पॉलिश पेपरने हलके घासले, काळा मळ निघाला. मग स्प्रिंग, ती इतकी बारीक की करंटला गल्लीतून ट्रक काढल्यासारखं, म्हणून तिच्यावरून तांब्याची विणलेली जाळी सोल्डर केली, तीच, जुना सोल्डर शोषायला वापरतात ती. पहिल्या वेळी सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ धरलं आणि स्प्रिंग मऊ पडून बसली, तिचा सगळा ताणच गेला. दुसरी लावली तर सोल्डरचा गोळा एवढा मोठा की झाकण लागेना, त्यात माझा सेल प्रोटेक्शनवाला, तो आतल्या सुरक्षा सर्किटमुळे चार-पाच मिमी लांब असतो, हे मला तेव्हा सुचलंच नाही. तिसऱ्यांदा जमलं. आणि एक, सोल्डर करायचा तो स्प्रिंगवर, सेलवर चुकूनही नाही, तिथे आयर्न लावलं तर सेल फुटू शकतो.

एलईडीखाली थर्मल पेस्ट (उष्णता बॉडीकडे नेणारा लेप) जवळजवळ नव्हतीच, नुसती चकती टेकवलेली, ती भरली. आता पाच मिनिटांत बॉडी चांगली गरम लागते आणि लोक विचारतात बिघडला का, अरे उलट! आधी बॉडी थंड असायची कारण एलईडी आतल्या आत भाजत होता आणि उजेड हळूहळू बसायचा, आता ती उष्णता बाहेर येते.

पावसाळ्यात रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीस लावलं, आत पाणी गेलं नाही.

न सुधारलेलं ते एसओएस, म्हणजे संकटात मदत मागायचा लुकलुकणारा इशारा. बंद करायला बटण दाबा की हाय, लो, मग डिस्को, मग एसओएस, दर वेळी सगळी वारी करूनच बंद होणार, ट्रेकवर पुढच्याच्या पाठीवर चक्क तारायंत्र चालू होतं. ते आतल्या सर्किटमध्येच आहे, मला जमलं नाही. आणि लो उजेडावर पंख्याखाली बघितलं तर पाती थांबल्यासारखी दिसतात, म्हणजे उजेड लुकलुकतोय.

सगळा हिशेब केला तर सेल, स्प्रिंगा, पेस्ट, ग्रीस धरून हजाराच्या वर गेलाय, तेवढ्यात रेडिमेड चांगला आला असता, हे बायकोने मला दोनदा सांगून झालंय. पण गेल्या आठवड्यात बाबा गच्चीवरच्या टाकीत पाणी किती ते बघायला घेऊन गेले आणि परत आल्यावर टॉर्च काही मला दिला नाही, त्यांच्या उशाखाली आहे.